उशी घेऊन येणारे खिडकीवाले

खिडकीवाले भाऊ पहिल्यांदा आमच्या अमरावतीच्या घरी आले तेव्हा त्यांच्या एका हातात मोजायचा टेप होता आणि दुसऱ्या हातात उशी. उशीला धुवून धुवून विटलेला, फुलाफुलांचा अभ्रा. दार बायकोनं उघडलं. ती भाऊंकडे पाहायच्या आधी उशीकडेच पाहत राहिली.

"वहिनी, आवाज कोन्त्या खोलीत येते?"

तिनं रस्त्याकडच्या खोलीकडे बोट दाखवलं. भाऊंनी चपला दाराशी जोडून ठेवल्या, खोलीत जाऊन आमच्या पलंगावर आपली उशी टाकली आणि म्हणाले, "मी उठेस्तोवर कोणी आवाज देऊ नोका. चहा नंतर घेईन."

बायको माझ्याकडे आली. "तुम्ही खिडकीवाल्याले बोलावलं होतं ना?"

"हो."

"तो झोपला."

"ते झोपूनच मोजतात म्हणे."

"मंग आता मी त्या खोलीतले कपडे कवा काढू?" असं म्हणून ती स्वयंपाकघरात गेली आणि त्या दुपारी आमच्या घरात सगळी माणसं चवड्यांवर चालली. पलीकडून घोरणं ऐकू येत होतं. घोरणं थांबलं की आम्ही दोघं एकमेकांकडे पाहायचो. रस्त्यानं काहीतरी मोठं गेलेलं असायचं. पुन्हा घोरणं सुरू व्हायचं.

भाऊंचं दुकान अकोल्याला. ॲल्युमिनियमच्या खिडक्या, काचा, जाळ्या, आणि अलीकडं त्या पांढऱ्या फायबरसारख्या चौकटी. मूळ घर तेल्हाऱ्याकडचं, शेतीवाल्यांचं. भावांनी कपाशी सांभाळली आणि हे शहरात येऊन काच कापायला शिकले, मग दुकानदार झाले. अंगानं भरलेले, पांढरा सदरा, बोलण्यात ठसका. स्वतःच्या धंद्याबद्दल त्यांना अजिबात नम्रता नव्हती. "माह्यासारखी खिडकी अकोल्यात कोणी देत नाही, अन् अमरावतीत तं सोडूनच द्या," असं ते गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगत. बाजार त्यांना मागं 'डुलकीशेठ' म्हणायचा. त्यांना ते माहीत होतं, आणि आवडतही असावं.

झोपण्यामागं त्यांचा विचार होता. रस्त्याच्या आवाजाचा त्रास म्हणून लोक खिडकी बदलायला निघतात, पण नेमका कोणता आवाज त्रास देतो हे घरच्यांना सांगता येत नाही. विचारलं तर म्हणतात, सगळाच. "सगळाच आवाज कोणालेच त्रास देत नसते," भाऊ म्हणत. "सवयीचा आवाज तं कानाले दिसतच नाही. मी माह्या दुकानात काच कापाच्या मशीनशेजारी झोपतो. पण पाहुण्याच्या घरी घड्याळ वाजलं तरी उठतो." म्हणून ते परक्या घरात झोपून पाहायचे, आणि तेही दुपारीच. त्यांचं म्हणणं, रात्री थकलेला माणूस गिरणीतही झोपतो. दुपारची झोप कच्ची असते, तिला जो उठवतो तोच खरा चोर.

त्या दिवशी उठून, तोंड धुऊन, बशीत चहा ओतून त्यांनी आम्हाला निकाल सांगितला. ट्रक तुम्हाला उठवत नाही. समोरच्या मंगल कार्यालयाचा बँडही नाही. उठवतो तो हॉर्न, आणि तो खिडकीतून येतच नाही, वरच्या रोशनदानातून, छताजवळच्या झरोक्यातून येतो. मग त्यांनी खिशातून अगरबत्ती काढली. बायको घाईघाईनं पदर सावरायला लागली, तिला वाटलं पूजा करतात. भाऊ खुर्चीवर चढले आणि बंद खिडकीच्या कडेकडेनं पेटती अगरबत्ती हळूहळू फिरवू लागले. बहुतेक ठिकाणी धूर सरळ वर जात होता. खिडकीचे दोन पाल्ले, म्हणजे झडपा, जिथं एकमेकांवरून सरकतात तिथं तो थरथरला. रोशनदानापाशी तर एकदम आडवा झाला.

"पाहा. जिथून हवा, तिथून हाक. काच कितीबी जाड बसवा, ही फट ठेवली तं पैसे नाल्यात. सरकती खिडकी म्हणजे सरकारी दरवाजा, बंद दिसते पण कोणीबी घुसते. दाबून बंद होणारा पाल्ला पाहिजे, कडेनं चांगलं रबर पाहिजे, अन् चौकट अन् भिंतीच्या मंधातली पोकळी भरलेली पाहिजे. काच त्याच्यानंतर."

"मग आमच्या सगळ्या खिडक्या..."

"काहून सगळ्या? रोशनदानाले काच लावा, या खिडकीचे रबर बदलवा. बस."

मी मोठ्या कामाची तयारी करून बसलो होतो. ते छोट्या कामाचा माणूस पाठवतो म्हणाले आणि उशी काखेत मारून बसस्टँडला गेले. काम झालं. हॉर्न खरंच बाहेर राहिले. असा दुकानदार मी तोवर पाहिला नव्हता, आणि नंतरही नाही.

अमरावतीतल्याच एका डॉक्टरांची गोष्ट त्यांच्याआधीच माझ्यापर्यंत आली होती. डॉक्टरांनी नवा बंगला बांधला होता आणि सगळीकडं दुहेरी काच हवी होती, सर्वात भारी. एवढी मोठी ऑर्डर भाऊंना वर्षात एखादी मिळायची. भाऊ गेले, वातानुकूलित बेडरूममध्ये आपली विटकी उशी टाकली आणि झोपले ते संध्याकाळी दिवे लागले तेव्हाच उठले. डॉक्टर दवाखान्यातून परत आले तर हे त्यांच्या पलंगावर बसून डोळे चोळतायत.

"डॉक्टरसाहेब, तुमच्या घरात आवाजच नाही. मी तं मेल्यासारखा झोपलो."

"पण मला झोप येत नाही."

"ते येगळं. त्याची खिडकी माह्याकडं नाही."

डॉक्टर फार चिडले म्हणतात. दुसऱ्या कुणाकडून बसवून घेतल्या. मी भाऊंना विचारलं, वाईट नाही वाटलं? ते म्हणाले, "वाटलं ना. पण उद्या तो मले विचारीन, काहून बावा अजून झोप येत नाही? मंग मी काय सांगू? एक काच अजून लावा?"

हा त्यांचा ठरलेला प्रश्न होता. काम संपल्यावर एक उन्हाळा आणि एक पावसाळा जाऊ द्यायचे, रबर उन्हानं कडक होतं का, पाण्यानं सुटतं का ते कळायला. मग गिऱ्हाइकाच्या घरी न सांगता जाऊन उभे राहायचे आणि विचारायचे, "झोप लागते काय?" हो म्हटलं की पुढं काही बोलायचे नाहीत. चहा घेऊन निघायचे. दुकानात त्यांनी कधी जाहिरात केली नाही. 'साउंडप्रूफ' हा शब्द तर कुणी उच्चारला की ते हात वर करत. "साउंडप्रूफ जागा एकच, मोक्षधाम. तिथंबी नातेवाईक बोलतेच."

दुकानाच्या भिंतीवर देवाच्या फोटोशेजारी ॲल्युमिनियमच्या चौकटीचा एक चौकोनी तुकडा टांगलेला होता आणि त्याला चक्क हार घातलेला. कुणीही विचारायचं आणि भाऊ तेवढ्याच आनंदानं सांगायचे. अकोल्याच्याच एका गिऱ्हाइकानं हिवाळ्यात त्यांच्याकडून दुहेरी काचेची खिडकी बसवून घेतली. भाऊंनी त्याला बजावलं होतं, उन्हाळ्याचा विचार करा. तो म्हणाला, केला. एप्रिल आला, अकोला तापलं, आणि त्या भल्या माणसानं लोहाराला बोलावून कूलरचं तोंड बसेल एवढी खिडकी कापून घेतली. भाऊ रबर पाहायला गेले तर अर्ध्या खिडकीत कूलर गुरगुरत होता. कापलेला तुकडा मागून आणला तोच हा. "आपल्याकडं खिडकी कूलरची असते," ते म्हणायचे, "माणसाची नसते. हे पुण्याच्या कंपनीवाल्याले कोण सांगीन?" तेव्हापासून ते आधी कूलर कुठं ठेवणार ते विचारत, वेगळ्या भिंतीतून त्याचा रस्ता काढून देत आणि मगच खिडकीकडं वळत.

काचांबद्दल त्यांची एक उपमा माझ्या डोक्यात पक्की बसली आहे. दुहेरी खिडकीत दोन्ही काचा सारख्या जाडीच्या घेऊ नयेत असं ते सांगत. "जुळे भाऊ एकाच गोष्टीवर चिडतात. एक थरथरला का दुसराबी थरथरते. एक जाड, एक बारीक ठेवा. मंग एकाचं भांडण दुसऱ्यापर्यंत जात नाही." आणि दोघांमध्ये अंतर भरपूर हवं. "भावाभावात राहते तेवढं," असं पुढं जोडायचे आणि स्वतःच हसायचे. त्यांचे भाऊ तेल्हाऱ्यात होते.

त्यांच्या स्वतःच्या घरी मात्र जुन्या लाकडी खिडक्या, तावदानं हलणारी. हे मी डोळ्यांनी पाहिलं. कारण विचारलं तर म्हणाले, "माही बायको शेजारणीसोबत या खिडकीतून बोलते. बंद केली तं मले बोलीन."

आता ते अकोला सोडून तेल्हाऱ्यात राहतात. दुकान जावई पाहतो, आणि जावई फोनवरच माप घेतो. हे सगळं लिहिताना मला मजा येत गेली, आणि मजेत किती पानं भरता येतात ते माझ्या लक्षात आलं. पण भाऊंबद्दल लिहायला बसलो ते यासाठी नव्हे. माझे वडील जाऊनही आता बराच काळ झाला. जे सांगायचं ते मी घरातसुद्धा पूर्ण बोललेलो नाही.

माझे बाबा अकोल्याच्या धान्य बाजारात हर्रास पुकारायचे, म्हणजे लिलावाची बोली. ढिगाऱ्यावर उभं राहून भाव ओरडायचे आणि आवाज यार्डाच्या पलीकडच्या टोकाला जायचा. घरी मात्र अबोल माणूस. आई गेल्यावर मी त्यांना अमरावतीला आणलं. आमचं घर कोपऱ्यावरचं. आमची खोली मोठ्या रस्त्याकडं, बाबांची बाजूच्या गल्लीकडं. काही वर्षं बरी गेली. मग त्यांचं विसरणं सुरू झालं. चष्मा, वार, मग माणसं. मग जेवण.

जेवण विसरायचे म्हणजे जेवलेले विसरायचे. ताट उचलून नेलं की थोड्या वेळानं खिडकीशी जाऊन बसत आणि गल्लीतून जाणाऱ्याला हाक मारत. भाजीवाली मावशी, शाळेतून येणारी पोरं, समोरचे मास्तर, कुणीही. "अवं बाई, मले जेवाले नाही देत हे लोक." आणि ते हळू सांगत नसत. यार्डातला आवाज होता तो. पार कोपऱ्यावरच्या पानटपरीपर्यंत जायचा.

बायको सकाळी उठून त्यांच्यासाठी मऊ भात, पातळ वरण, बिनतिखटाची भाजी वेगळी करायची. ते ऐकून ती एकदा नुसती बसून राहिली, हातातला कुकरचा डबा तसाच धरून. मी तेव्हाही तिच्यापेक्षा गल्लीचाच विचार करत होतो हे आज कबूल करतो. मी एका कॉलेजच्या ऑफिसात आहे. लोक मला सभ्य माणूस समजतात. मास्तर भेटले की मी दुसऱ्या बाजूनं जायला लागलो. बाबांचा आजार काय आहे हे मी कुणालाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सगळं सोपं होतं. पण मला ते 'घरातलं' वाटत होतं.

आणि मी भाऊंना फोन केला.

"बाबांच्या खोलीलाही बसवायची आहे. दुहेरी काच. उघडायची नको, पक्कीच. बँडचा त्रास होतो त्यांना."

बँडचा त्रास बाबांना कधीच झाला नव्हता. वरात आली की ते मांडीवर ठेका धरत.

भाऊ आले. नेहमीसारखी उशी. बाबा त्यांच्या खाटेवर खिडकीशी बसले होते. भाऊंनी खाली चटई टाकली.

"कोण तुमी?" बाबांनी विचारलं.

"खिडकीवाला, काका."

"जेवले काय?"

"जेवलो ना."

"मले नाही देत."

भाऊंनी उशी डोक्याखाली घेतली. आडवे झाले, डोळे मिटले. मी दाराच्या मागं उभा होतो. गल्ली दुपारची, रिकामी. एखादी सायकल, एखादं कबुतर. त्यात बाबांचा आवाज दोनतीनदा उठला, तोच तो, आणि खाली भाऊ पोटावर हात ठेवून निश्चल पडलेले. घोरणं आलंच नाही.

बाहेर येऊन ते चहाला बसले. बशी तोंडाला लावायच्या आधी म्हणाले, "गल्लीत तं आवाजच नाही."

"लग्नसराईत असतो ना बँड."

"बँड समोरच्या अंगाले आहे. इकडं तुमची भिंत आहे मंधात." त्यांनी चहा प्यायला. "बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून लोक मले बोलावते. तुमी आतला बाहेर जाऊ नये म्हणून बोलावलं."

मी त्यांच्यासमोरची रिकामी बशी उचलली.

"काच दोन्हीकडून सारखंच काम करते, त्याचं काही नाही. बसवता येते. पण मी नाही बसवत."

"काहून?"

"सालभरानं मी येऊन इचारतो, झोप लागते काय. इथं कोणाले इचारू?"

मला राग आला. खोटं पकडलं गेल्यावर येतो तसला. मी म्हणालो, "तुम्ही खिडक्या विका, भाऊ. घरातलं आमचं आम्ही पाहू."

"बरोबर आहे," ते शांतपणे म्हणाले. जराही अपमान वाटल्यासारखं दिसलं नाही. उशी उचलली, दाराशी चपला घातल्या, आणि मग जाता जाता, जणू राहवलं नाही म्हणून, वळून म्हणाले, "बजारात लय दुकानं आहेत. पण ज्याच्याकडून कराल त्याले सांगा, रोशनदान पह्यले बंद कर. नाहीतर काकांचा आवाज तिथून जाईन."

त्यांना काम नाकारायचं होतं, पण चुकीचं काम झालेलंही सहन होत नव्हतं. आणि मी काय केलं? दुसऱ्या दुकानदाराला बोलावलं आणि पहिली सूचना दिली ती हीच, रोशनदान आधी बंद कर. भाऊंच्या शब्दांत दिली.

खिडकी उत्तम झाली. पक्की काच, फट नाही. कूलरला जागाच उरली नाही म्हणून एसी लावला. जन्मभर वाळ्याच्या ओल्या वाऱ्यात उन्हाळे काढलेला माणूस मे महिन्यात रग घेऊन बसू लागला आणि विचारू लागला, "कूलरमंधी पाणी टाकलं काय?"

सुरुवातीला बाबांनी हाका मारल्या. काचेपलीकडं लोक तसेच पुढं जात. मग त्यांनी तळहातानं काच थोपटली. कुणी पाहिलं तर हात हलवून हसायचं आणि जायचं. बाबांचं तोंड हलायचं, बाहेर काही पोचायचं नाही. काही आठवड्यांनी त्यांनी हाका मारणं सोडलं. मग आमच्याशी बोलणंही कमी केलं. घर शांत झालं.

मला ती शांतता आवडली. हे वाक्य मी आजवर कुणाला म्हटलेलं नाही. ऑफिसातून येऊन चहा घेताना मला बरं वाटायचं. मास्तरांनी एकदा अडवून विचारलं, "बाबा बरे आहेत ना? आवाज नाही येत अलीकडं." मी म्हणालो, "हो. आता बरे आहेत."

पुढच्या पावसाळ्यानंतर भाऊ आले. अमरावतीजवळच्या वलगावला एक काम होतं, जाता जाता आमच्या खोलीचं रोशनदान पाहायला थांबले. त्यांचा नेम तो. मला वाटलं होतं, आमचं घर त्यांनी यादीतून काढलं असेल. रबर दाबून पाहिलं, "झोप लागते काय?" विचारलं, बायकोनं हो म्हटलं. मग म्हणाले, "काकाले भेटून जातो."

बाबा रग पांघरून खाटेवर बसले होते, तोंड काचेकडं. भाऊ समोर जाऊन वाकले.

"काका, जेवले काय?"

बाबांनी त्यांच्याकडं पाहिलं. बऱ्याच वेळानं, अगदी हळू म्हणाले, "हो."

भाऊ सरळ झाले. माझ्याकडं वळून त्यांनी फक्त तेवढंच सांगितलं, "हो म्हणते आता."

त्या दिवशी बाबा खरंच जेवले होते. हे उत्तर बरोबर होतं. बायको दारात उभी होती, ती डोळ्यांना पदर लावून आत निघून गेली. भाऊंनी उपदेश केला असता तर मी भांडलो असतो. ते काचेच्या कडेवरून अंगठा फिरवत होते. "काम चांगलं केलं त्यानं," म्हणाले. खरंच कौतुकानं म्हणाले.

"हे काढता येईल काय, भाऊ?" मी विचारलं.

"काढाले काय लागते. पण नुसतं भोक नाही पाडत मी."

त्यांनी टेप काढला. खिडकीच्या आधी त्यांनी बाबांचं माप घेतलं. खाटेवर बसलेल्या माणसाचा हात कुठपर्यंत पोचतो, खांद्यातून किती उचलतो, मुठीत जोर किती आहे. स्वतःचं बोट बाबांच्या हातात देऊन म्हणाले, "दाबा काका. अजून. बस." बाबांनी बोट सोडलंच नाही. भाऊ तसेच, एक हात अडकलेला, दुसऱ्या हातानं भिंतीवर पेन्सिलीची खूण करत राहिले.

आठवड्याभरात पाल्ला घेऊन स्वतः आले. बाहेरच्या बाजूला उघडणारा, हलका, कडेनं रबर. बंद केला तर गल्लीचा आवाज आत येणार नाही. मूठ बाबांच्या हाताशी, बसल्या जागी. कूलरसाठी मागच्या भिंतीतून वेगळा रस्ता. "उघडी ठेवाची का बंद कराची, ते काका ठरवतीन," ते म्हणाले. सोबत मिस्त्री असूनही त्यांनी बिजागऱ्या स्वतःच्या हातानं कसल्या. कित्येक वर्षांत हत्यार धरलं नसावं, कारण अंगठ्याला लागलं आणि त्यांनी ते गुपचूप सदऱ्याला पुसलं.

मग चटई टाकली.

"आज कशासाठी झोपता?" मी विचारलं. "आवाज येतो का पाहायला?"

"आज मले उठवलं पाहिजे," भाऊ म्हणाले. "नाही उठवलं तं काम फेल." आणि झोपले.

पाल्ला बंद होता. बाबा त्याकडं पाहत बसले होते. त्यांना मूठ दाखवून झाली होती, दोनदा हात धरून उघडून दाखवली होती. आम्ही दोघं दारात उभे. घोरणं लवकरच सुरू झालं आणि चालूच राहिलं. मंगल कार्यालयाच्या बाजूला बँड वाजू लागला. पोरं गेली. बाबा हलले नाहीत. काचेतून मास्तर दिसले, गेले. मला वाटलं, उशीर झाला. त्यांच्यातलं ते मागणंच आपण संपवलं, आता खिडकी कितीही चांगली करा.

भाजीवाली मावशी गल्लीच्या तोंडाशी दिसली. डोक्यावर टोपली, तोंड हलतंय, म्हणजे मेथी, पालक ओरडत असावी. ती खिडकीसमोर आली. बाबांचा हात रगातून बाहेर आला, हवेत थोडा चुकला, मुठीवर पडला. त्यांनी ढकललं. गल्ली एकदम आत आली.

"अवं बाई."

मावशी थांबली. टोपली एका हातानं धरून वळली. "अवो काका. लय दिसानं. मले वाटलं तुमी माह्यावर रागावले. हात हलवता अन् बोलत नाही."

"मले जेवाले नाही देत."

जुना आवाज नव्हता, फाटलेला होता, पण टपरीपर्यंत गेला असेल. चटईवरचं घोरणं थांबलं.

"आज कोणती भाजी नाही दिली?" मावशीनं विचारलं. तिच्या विचारण्यात नवल नव्हतं. या दोघांचं हे बोलणं रोज असंच होत आलं असणार, मला ते कधी ऐकू आलं नव्हतं. मी नेहमी पहिल्या वाक्यालाच कान झाकत आलो होतो.

"वांग्याचं भरीत," बाबा म्हणाले. "मीठ कमी होतं त्याच्यात."

"खाल्ल्याबिगर कसं मालूम पडलं मंग?"

बाबा विचारात पडले. मी खोलीत शिरलो. भाऊंच्या पायांवरून ओलांडून खिडकीशी गेलो. मावशीनं मला पाहून टोपली सावरली. आजवर मी तिला पाहिलं की आत सरकत असे.

"मावशी, जेवले ते," मी म्हणालो. "त्यांना आठवत नाही. डोक्याचा आजार आहे त्यांना. बरेच दिवस झाले."

मी अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोललो. का ते कळलं नाही. समोर मास्तरांच्या ओट्यावर कुणी उभं होतं, त्यांनीही पाहिलं.

मावशी म्हणाली, "हे काय सांगता साहेब. गल्लीले पह्यलेच मालूम आहे. तुमच्या घरच्या फोडणीचा वास काय आमाले येत नाही? तुमीच कधी बोलले नाही, मंग आमी कसं बोलाचं?"

मागं भाऊ उठून बसले होते. उशीचा अभ्रा झटकत होते.

बाबांनी माझ्याकडं पाहिलं, खालपासून वरपर्यंत, ओळख नसलेल्या माणसाला पाहावं तसं. मग मावशीकडं वळले आणि माझ्या छातीला बोट लावून म्हणाले, "हाच तो. हाच नाही देत."

मावशी हसली. ओट्यावरचं कुणीतरी हसलं. मी तिथंच उभा राहिलो, खिडकीत, सगळ्यांना दिसेन असा. बाबा तिला पुढं माझ्याबद्दल सांगत होते, आणि मी ते पूर्ण ऐकलं.